उजवीकडची सीट

गाडी आमच्या गल्लीत वळली आणि पोह्यांवर झाकण ठेवता ठेवता मी आईला म्हणाले, "तीन सिलिंडरवर आलीय. एका प्लगची वायर ढिली असणार."

"तुझं तोंड चारीवर चालतंय, ते बंद कर आधी," आई म्हणाली. "आणि हात पदराखाली ठेव. बाईमाणूस आलं की पहिलं हाताकडं बघतं."

हातांचं प्रकरण सकाळपासून चाललं होतं. रॉकेल झालं, लिंबू झालं, धुण्याचा सोडा झाला. आईनं काथ्यानं असे घासले की बोटं लाल झाली, पण नखांच्या कडेचं काळं काही निघेना. शेवटी ती म्हणाली, कोपरापर्यंत मेंदी काढू या का? मी म्हटलं, आज बघायला येतायत, लग्नाला नाही. त्यावर तिनं जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शहाण्णव सालची ही गोष्ट. विट्यात मायणी रस्त्याला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. दत्तोबा मेस्त्री म्हटलं की आजूबाजूच्या चाळीस गावांत दुसरा पत्ता सांगावा लागत नसे. पण त्याआधी दोन वर्षं अण्णांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला. तेव्हापासून अण्णा पुढं खुर्ची टाकून गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि गाडीखाली मी असायचे. लहानपणापासून त्यांच्या हाताखाली पाने-स्क्रूड्रायव्हर देत वाढले, त्यामुळं मला ते जड गेलं नाही. विट्यातल्या लोकांना ठाऊक होतं, बाहेरच्यांना अण्णा सांगायचे, कामगार ठेवलाय.

सात स्थळांना खरं सांगितलं आणि सातही परत गेली. आठव्याला अण्णांनी निरोप धाडला, मुलगी शिवणाचा क्लास घेते.

आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "वैजू, हे जमलं तर सुखानं सासरी जा आणि पुन्हा पान्याला हात लावू नको. आणि तुझ्या तोंडानं मोडलं तर सोमवारी मी गॅरेजला कुलूप घालणार. पोरीच्या जिवावर धंदा केला आणि तिला घरात बसवून ठेवली, असं मला मरताना ऐकायचं न्हाई."

म्हणजे जमलं तरी गॅरेज जाणार आणि मोडलं तरी जाणार. मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. तेवढं सोडून सगळ्यांचा सगळा विचार झाला होता.

मी खिडकीच्या फटीतून बघत होते. पांढरीशुभ्र गाडी, नवी सीट कव्हरं, आरशाला गोंडा. तेव्हा माझा एक गर्व होता, आणि तो मी लपवत नसे: गाडी बघितली की मला माणूस कळायचा. आमच्याकडच्या एका वकिलांनी मोठी गाडी घेतली, कारण सासऱ्यांची त्याहून लहान होती. एका डॉक्टरांनी राखाडी रंग निवडला, कारण ते गाडी कधी धूत नसत आणि धुतो म्हणून सांगत. मला विचारायची गरज पडायची नाही. आता ही पांढरी गाडी चालवत होता तो मुलगा, जालिंदर. शेजारी डावीकडं त्याचे मामा. मागं मामी. दारासमोर वळवताना मुलग्याचा उजवा हात गिअरसाठी दाराकडं गेला, तिथं चाचपला, मग डाव्या हातानं गिअर टाकला. मामांनी दोनदा त्याच्या दंडाला हात लावून कुठं थांबायचं ते दाखवलं.

"नवशिका आहे," मी आईला म्हणाले. "गाडी कालच हातात आलीय. मिरवायला आणलीय."

"तुझं तुझ्यापाशी ठेव."

पाहुणे बसले. मामा, आनंदराव त्यांचं नाव, कराडला साखर कारखान्यात हेडक्लार्क होते. ते भाच्याच्या डाव्या अंगाला चिकटून बसले आणि उठेपर्यंत तिथून हलले नाहीत. मुलग्याला आईवडील नव्हते, मामांनीच वाढवलेला. विट्याजवळ लेंगऱ्याला त्याचं घर होतं, थोडी जमीन होती.

मी पोहे घेऊन गेले. मामींनी बशी घेता घेता माझी बोटं पाहिली. मी बशी जरा लवकर सोडली.

"कटोरी ब्लाऊजला कापड किती घेता तुम्ही?" मामींनी विचारलं.

"माणूस बघून," मी म्हणाले.

मामा हसले. "मशीन कुठलं वापरता?"

आता इथं मला अंगात आलं. "पायाचं. मशीन कुठलं का असेना, शटलचं टायमिंग महत्त्वाचं. सुई खालून वर निघायला लागली की शटलचं टोक नेमकं तिथं आलं पाहिजे, नाहीतर टाका सुटतो. पट्टा जास्त ताणला की बुश खातो. लोक तेल नको तिथं घालतात आणि हवं तिथं घालत नाहीत."

आईला ठसका लागला. मामा मात्र खूश झाले. "मुलगी कामात तयार आहे," ते मामींना म्हणाले.

मुलगा गप्प. दिसायला बरा होता, रापलेला, हात दगडासारखे. पण वागणं मला खटकलं. चहा देताना मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून विचारलं, "साखर चालते ना?" त्यानं मानही वर केली नाही. "चालते, चालते," मामा म्हणाले. अण्णांनी डावीकडच्या कोपऱ्यातून त्याला विचारलं, लेंगऱ्यात पाऊसपाणी कसं आहे, तर तेही मामांनीच सांगितलं. मग समोर बसलेल्या आईकडं बघून तो चांगला मोकळेपणानं म्हणाला, "पोहे छान झालेत." म्हणजे बोलता येत होतं. मनात आलं तर बोलायचं, नाहीतर नाही. शिष्ट मेला, मी मनात म्हटलं.

"मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या," मामा उदार होऊन म्हणाले.

"काय काम करता तुम्ही?" मी थेट मुलग्याला विचारलं.

"विहिरींची कंत्राटं घेतो," मामा म्हणाले. "सुरुंग लावून खडक फोडायचा. खानापूर तालुक्यात त्यानं पाणी लावलेल्या चाळीस विहिरी आहेत."

"गाडी तुमचीच?"

"त्याचीच की," मामा म्हणाले.

मुलगा तेव्हा माझ्याकडं बघत होता. त्यानं मामांकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अर्ध्या तासात मामांनी मांडीवर हात आपटला आणि म्हणाले, "आम्हाला मुलगी पसंत आहे. गुरुवारी सुपारी फोडू." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी डाव्या हातानं उजवा हात धरून नमस्कार केला. मी आत गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

बाहेर गाडीचा स्टार्टर फिरला. नुसताच फिरला. पुन्हा फिरला, पुन्हा. चौथ्या वेळेला त्याचा आवाज बसायला लागला. बॅटरी संपवणार आता हे, मी म्हटलं आणि दारात आले.

अण्णा बॉनेट उघडून उभे होते. "कामगार आज सुट्टीवर हाय," ते मामांना सांगत होते. "पण बघतो मी." त्यांनी डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर घेतला. पकड बसेना, तो इंजिनावर आपटून खाली पडला. ते वाकले, उचलला, पुन्हा लावला, पुन्हा पडला.

"राहू द्या, मेस्त्री," मामा म्हणाले. मग मामींकडं वळून आवाज खाली न घेता, "हात गेला की मेस्त्रीचं सगळंच गेलं."

अण्णांनी ऐकलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते म्हणाले, "स्टँडवरच्या सलीम मेस्त्रीला बोलावणं धाडतो."

सलीमभाई आले असते, दहा मिनिटांत गाडी सुरू झाली असती आणि गुरुवारी सुपारी फुटली असती. हे मला उभ्या उभ्या स्वच्छ दिसत होतं. पण माझ्या बापाच्या दारात, माझ्या देखत, दुसरा मेस्त्री आणायचा? मी पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या उतरले.

"वैजू," आई मागून म्हणाली. तिच्या आवाजात सगळं होतं. मी थांबले नाही.

अण्णांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. आतला ठिणगीचा पॉइंट काळा पडून चिकटल्यासारखा झाला होता. पॉलिश पेपरचा तुकडा फिरवला, काडेपेटीची पट्टी घालून गॅप धरला. प्लगची वायर ढिली होतीच, ती दाबून बसवली. बॉनेटच्या डाव्या बाजूनं डोकं बाहेर काढून मी ओरडले, "मारा स्टार्टर."

मुलगा ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला. ढिम्म.

"स्टार्टर मारा," मी पुन्हा ओरडले. काही नाही. समोर उघड्या बॉनेटकडं बघत बसलाय. त्याच्या उजव्या अंगानं गल्लीतून एक ट्रॅक्टर धडधडत चालला होता, पण मी काही त्याहून कमी ओरडत नव्हते. मी डाव्या खिडकीशी जाऊन तिसऱ्यांदा सांगितलं, तरी नाही. माझं डोकंच फिरलं. मी टपावर थाडकन हात मारला. तेव्हा तो दचकून सगळाच्या सगळा माझ्याकडं वळला.

"ऐकू येत नाही का?"

त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "या बाजूला या, उजवीकडं. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही."

मी गाडीला वळसा घालून त्याच्या खिडकीशी गेले.

"तीन वर्षं झाली," तो हलकेच म्हणाला. मामा चार पावलांवर होते. "सुरुंग वेळेआधी उडाला. उजवा कान चांगला आहे. मामा म्हणाले, आधी सुपारी फुटू दे, मग सांगू. मला ते पटलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय."

"आणि ही गाडी?"

"मामांची. माझी जीप आहे. मिलिटरीच्या लिलावातली, लेफ्ट हँड, स्टेअरिंग डावीकडं."

तरीच उजवा हात दाराकडं गेला होता. पण माझी खोड जाते कुठं? लेफ्ट हँड जीपवाले मी चांगले ओळखत होते. आमच्याकडं दोन यायचे, दोघांनाही गाडीपेक्षा गाडीत बसलेलं कुणी बघतंय का याची काळजी जास्त. "म्हणजे रुबाब," मी म्हटलं. "मारा स्टार्टर."

तो काहीतरी सांगणार होता, पण त्यानं स्टार्टर मारला. अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू झाली, चारीच्या चारी सिलिंडरवर. मी बॉनेट लावलं आणि हात पदराला पुसले. माझ्या नव्या साडीच्या पदराला.

मग मामी म्हणाल्या, "शिवणाचा क्लास म्हणाला होतात ना?"

अण्णा खाली बघत होते. त्यांना खाली बघताना बघवेना. "क्लासबिस काही नाही," मी म्हणाले. "मी मेस्त्री आहे. दोन वर्षं हे गॅरेज मी चालवते. अण्णांचा हात गेलाय, त्यांचं काम गेलेलं नाही."

"ही सरळ सरळ फसवणूक झाली," मामा म्हणाले. "गाडीखाली लोळणारी मुलगी आमच्या घरात?"

"आणि तुमच्या भाच्याला एका कानानं ऐकू येत नाही, ते आम्हाला कधी कळणार होतं? मुंडावळ्या बांधल्यावर?"

बोलून गेले आणि त्याच क्षणी मला माझी लाज वाटली. त्यानं ते मला विश्वासानं सांगितलं होतं, आणि मी ते मामांच्या तोंडावर फेकून मारलं. तो गाडीतून माझ्याकडंच बघत होता. रागावलेला नव्हता, त्यामुळं जास्तच टोचलं. मामा-मामी गाडीत बसले, दारं लागली, गाडी गेली. आवाज एकदम सुरेख येत होता.

सोमवारी अण्णांनी खरंच कुलूप घातलं. किल्ली बंडीच्या खिशात. मी भांडले, जेवले नाही, पुन्हा भांडले. "दिलेला शब्द हाय," एवढंच म्हणायचे. तुमचा शब्द तुम्ही कुणाला दिलात, मी विचारलं, मला तर नकोच होता.

मंगळवारी सकाळी मी गॅरेजच्या बंद शटरसमोर पायरीवर बसले होते. अण्णा सवयीनं खुर्ची टाकून बसलेले, दोघांची तोंडं दोन दिशांना. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला, मागं पहारी आणि दोरखंड. जालिंदर उतरला. एकटाच.

"मेस्त्री, शटर का बंद?"

"कामगार न्हाई," अण्णा म्हणाले.

"ही बसलीय की."

मी उठून त्याच्या उजव्या बाजूला गेले. "परवा मी बोलले ते चुकलं. तुम्ही सांगितलेलं मी असं वापरायला नको होतं."

"मामांना कुणीतरी ऐकवायलाच हवं होतं," तो म्हणाला. "मला चार वर्षांत जमलं नाही."

"तीन म्हणाला होतात."

"एक वर्ष कानाआधीचं, तेव्हाही मामांपुढं बोलता येत नव्हतं." त्याला हसता येत होतं. "जीपमध्ये बसा. चक्कर मारू. आवाज ऐकून सांगा काय बिघडलंय."

मी अण्णांकडं बघितलं. रस्त्यावरचे चार लोक बघत होते. अण्णांनी ते चार लोक बघितले, मला बघितलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईक हाय. जा."

मी उजवीकडच्या सीटवर बसले. भेंडवड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी फक्त इंजिन ऐकत होते. काहीच बिघडलं नव्हतं. उलट ट्यूनिंग इतकं नीट होतं की मला जरा हेवाच वाटला.

"तुम्हाला काय वाटतं," त्यानं विचारलं, "मी ही जीप का घेतली?"

"सांगितलं की मी. रुबाब."

"लिलावात बारा जीपा होत्या. अकरा नेहमीसारख्या, हिच्यापेक्षा सगळ्या चांगल्या. मामा म्हणाले, वेडा आहेस, हिला ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही. खरंच दिसत नाही." त्यानं उजव्या हातानं गिअर टाकला. "पण नेहमीच्या गाडीत शेजारचा माणूस माझ्या डाव्या कानाशी येतो. तो बोलतो, मी नुसती मान हलवतो. वर्षभर तसं केलं. मग लोक माझ्याशी बोलायचेच बंद झाले. ह्या जीपमध्ये शेजारचा माणूस उजव्या कानाशी बसतो."

मी साफ चुकले होते. आयुष्यात फार कमी वेळा चुकलेय.

"कोण बसतं शेजारी?" मी विचारलं.

"कुणी नाही. पहारी बसतात." तो समोर रस्त्याकडं बघत होता. "पण उद्या कुणी बसलं, तर त्याचं बोलणं ऐकू यायला नको का?"

शेकड्यांनी गाड्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या. लोकांना दाखवायला घेतलेल्या, कुणाच्या नाकावर टिच्चून घेतलेल्या, सासरच्यांच्या धाकानं घेतलेल्या. अजून न आलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून घेतलेली मी पहिल्यांदा बघत होते. मला हा माणूस आवडला होता आणि ते मला स्पष्ट कळत होतं. पण आवडला म्हणून हातातलं काम सोडायचं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आणि ते त्याला आत्ताच कळायला हवं होतं.

रस्ता चढाचा होता. इंजिन जोरात होतं, मागं पहारी खणखणत होत्या. मी मुद्दामच आवाज चढवला नाही. घरात आईशी बोलते त्याहून हळू, समोर बघत म्हणाले, "लग्न झालं तरी मी गॅरेज सोडणार नाही. रोज लेंगऱ्याहून येईन आणि रोज काळे हात घेऊन परत जाईन."

त्यानं समोर बघतच चढ संपवला. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर. मग माथ्यावर जीप बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडं वळला.

"ऐकलं," तो म्हणाला. "पुन्हा सांगावं लागणार नाही."

परत आल्यावर जालिंदरनंच माझी अट अण्णांना सांगितली, तेव्हा अण्णांनी किल्ली काढून दिली, मामा लग्नाला येऊन पोटभर जेवून गेले, ते सगळं पुढं झालं. त्याला अठ्ठावीस वर्षं होऊन गेली. गॅरेज आहे तिथंच आहे आणि मी आहे तिथंच आहे. पुन्हा सांगावं लागलेलं नाही.